समई तेवढी स्पष्ट

पेडण्याच्या बाजारातल्या जयराम फोटोवाल्याच्या नादी कुणी लागत नसे, ते काय उगाच नाही. कॅमेरा नवाकोरा डिजिटल, पण त्यावर लेन्स रिळाच्या काळातली, वरवंट्यासारखी जड, मध्ये जोडाची रिंग लावून बसवलेली. फोकस हातानं फिरवून करायचा. "मशिनीनच फोकस केल्यान तर फोटोग्राफर कित्याक व्हयो?" असं तो नव्या पोरांना हिणवायचा.

त्याच्या लेकीनं, सेजलनं, कॅमेऱ्यात एक सोय चालू करून दिली होती. फोकस जुळला की समोरच्या माणसाची कड पडद्यावर लाल दिसायची. तिची पाठ वळताच ह्या शहाण्यानं ती बंद केली. चाळीस वर्षं डोळ्यांवर धंदा केलेल्याला लाल रेघा कसल्या दाखवता! खरं सांगायचं तर वर्षभर त्याला सगळंच धूसर दिसत होतं. पण मोतीबिंदू हा शब्द जिभेवर येईना. फोटोवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर लोक हसणार, दुसरं काय?

मे महिन्यात चोपड्याला गौरवीचं लग्न लागलं. तिचा बाप गुरुदास हा जयरामचा लहानपणापासूनचा दोस्त, अर्धांगानं खाटेला खिळलेला. कन्यादानापुरतं चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून मांडवात आणलं, तेही पाच मिनिटं. "जयराम, ह्यो फोटो तेवढो चुकवू नको हां," जो तो बजावत होता. जयरामनं फोकस फिरवला, बरोबर वाटलं, धडाधड बारा फोटो काढले.

दुकानात सेजलनं ते मोठे करून बघितले. बाराही फोटोंत मागची समई वातीसकट स्पष्ट. गुरुदासला मात्र नाक ना डोळे.

"काका, बाबा असे कित्याक दिसतत?" फोटो न्यायला आलेल्या गौरवीनं विचारलं.

"जुन्या लेन्सीची कला ती. मुद्दाम तसो काढलंय."

बोलून गेला मेला! आणि पोरीला ते खरं वाटलं. तिनं माहेरी त्यातला एक फोटो भिंतीवर लावला. चवथीला जयराम गणपतीच्या पाया पडायला गेला, तर ही आल्यागेल्याला कौतुकानं सांगतेय, "ही कला सगळ्यांका जमणा नाय, आमच्या काकांकच जमता." जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

खाटेवरून गुरुदासनं चांगला हात फोटोकडे केला. अडखळत म्हणाला, "मी... खंय आसंय... हेच्यात?"

"बाबा, कला आसा ती," गौरवी समजावू लागली.

"कला नाय गो," जयराम म्हणाला. "माका दिसणा नाय. वरीस झाला. लाज वाटली म्हणून कोणाक सांगलंय नाय."

गुरुदास त्याच्याकडे बघतच राहिला.

"चौघांनी... उचलून हाडलो माका," तो म्हणाला. "सगळो गाव... बघत होतो. मी लाजलंय?"

जयरामला मान वर करता आली नाही.