जिन्याखालची वखार

तैनाती फौज शिकवताना मला फार चेव यायचा. बदनापूरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला आणि दरवर्षी त्या धड्याला राजेरजवाड्यांची यथेच्छ टर उडवली. परदेशी कंपनी वखारीला जागा मागते, मालावर पहारा बसवते, मग तोच पहारा शेजाऱ्यापासून रक्षण म्हणून राजाच्या गळ्यात घालते, आणि राजा हसत घालून घेतो. सगळ्यात आधी सही केली ती आमच्या निजामानं, हे सांगताना तर माझ्या हातातला खडू मोडायचा. "इतकं साधं यांना कळलं न्हाई का रे?" असं विचारलं की वर्ग हसायचा. सोबत मीही हसायचो.

राहायला मी जालन्यात. आमच्या कॉलनीत दोन इमारती, पुढची आणि मागची, आणि दोन्हींत मिळून एक बोअर. मी कॉलनीचा अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर बोअरच्या खोलीची चावी आमच्या दारामागच्या खिळ्याला असायची आणि बायको सकाळ-संध्याकाळ मोटार चालू करायची. पुढची इमारत स्वतःची टाकी आधी भरते, असं मागच्यांचं म्हणणं होतं. भरतच होतो. पण हे तोंडावर बोलणारा त्यांचा म्होरक्या, तहसीलमधून निवृत्त झालेला एक कारकून, मला डोळ्यांसमोर नको असायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला जारवाला आला. थंड पाण्याचे जार घरोघर पोचवायचा. इतका नम्र की चप्पल काढल्याशिवाय दाराशी बोलायचा नाही. रिकामे जार ठेवायला त्यानं जिन्याखालची जागा मागितली, मी दिली. जार चोरीला जातात म्हणून जाळी आणि कुलूप लावलं, मी लावू दिलं. मग जारांवर लक्ष ठेवायला निळ्या शर्टातला एक माणूस बसवला.

"हा कोणाचा माणूस?" बायकोनं विचारलं.

"आपल्याला काय करायचंय? आयता वॉचमन मिळाला," मी म्हणालो. त्याच आठवड्यात मी वर्गात वखारीचा धडा घेत होतो. मला शंकासुद्धा आली नाही.

मे महिन्यात कारकुनानं बोअरच्या खोलीला आमच्या कुलपाशेजारी स्वतःचं कुलूप लावलं. शिवीगाळ झाली, आणि दोन शिकलेसवरलेले बाप्ये एकमेकांच्या कॉलरीला हात घालून उभे राहिले. जारवाला धावत आला, दोघांना गार पाणी पाजलं. "सर, कशाला भांडून राह्यले? माझा माणूस बसेलच हाये. चावी त्याच्याजवळ ठेवा. दोघांला बराबर पाणी सोडतो, खर्चा माझा." चावी कारकुनाकडे जाणार नाही, एवढंच मला ऐकू आलं. कारकुनालाही चावी माझ्याकडे राहणार नाही, एवढंच ऐकू आलं. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्यानं आपलं कुलूप काढून घेतलं.

मी खिळ्यावरून चावी काढली तेव्हा बायको दारात उभी होती. "देऊन राह्यले तर द्या. पण परत कशी घ्यायची, ते विचारलं का?" तुला यातलं कळत नाही, असं मी तिला म्हणालो. हे वाक्य लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महिनाभर पाणी बराबर आलं. मग नळ करंगळीएवढा झाला. बोअर आटली म्हणे. त्या आटलेल्या बोअरची मोटार दुपारभर चालायची आणि जिन्याखाली जार भरले जायचे. आमचंच पाणी आम्ही जारातून विकत घ्यायला लागलो. बायको बादली घेऊन खाली गेली की निळा शर्ट खुर्चीतून न उठता म्हणायचा, "थांबा काकू, मालकाला विचारतो." जिनं पंधरा वर्षं ती मोटार चालवली, तिला.

कारकून आणि मी मिळून चावी मागितली असती तर जारवाल्याला एका दिवसात जावं लागलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. एका संध्याकाळी मी कारकुनाच्या दारापर्यंत गेलोही. पण त्याच्यापुढे मी वाकायचं? बेल न वाजवता परत आलो.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला जारवाल्यानं अंगणात झेंड्याचा खांब रोवला, खुर्च्या मांडल्या आणि घरी येऊन हात जोडले. "सर, झेंडा तुमच्याच हातानं. अध्यक्ष तुम्हीच." तो गेल्यावर बायको म्हणाली, "आज सगळ्यांसमोर चावी मागा. मंग तो न्हाई म्हणू शकणार न्हाई." मी हो म्हणालो आणि कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

झेंडा वर गेला. निळ्या शर्टानं टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला. तोफांच्या सलामीसाठी झुरणाऱ्या संस्थानिकांवर मी वर्गाला पोट धरून हसायला लावलं होतं. पण मला स्वतःला आजवर कोणी सलाम केला नव्हता, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. निजामाच्या जोखडातून आपण कसे सुटलो, यावर मी दहा मिनिटं बोललो. चावीचा विषय काढला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या कारकुनानंही काढला नाही. पुढच्या वर्षी झेंडा कोणाच्या हातानं, एवढंच त्यानं जारवाल्याला विचारलं.

टाळ्या पडल्या तेव्हा मी बायकोला शोधलं. तिची खुर्ची रिकामी होती. ती बादली घेऊन जिन्याखाली जाऊन उभी राहिली होती.