काका, ड्रोन आणि मारुतीची पायरी

जगात एकही गोष्ट सपाट नाही, अशी ज्याची अढळ श्रद्धा आहे असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. काकांनी अंबरनाथच्या निम्म्या कारखान्यांच्या पायाची पातळी लावली, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून समोर धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, डोळा अजून तिथेच आहे. लग्नाच्या जेवणात ते आधी पानातलं वरण कुठे वाहतंय ते बघतात आणि वाढप्याला सांगतात, "टेबलाचा हा पाय अर्धा इंच बसलाय." घरातल्या प्रत्येक कपाटाखाली कागदाच्या घड्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा माझ्या पत्रकांच्या. पुराचं पाणी गुडघाभर होतं असं कुणी म्हणालं की विचारतात, "कुणाच्या गुडघ्याएवढं?" एकदा मोर्चाहून आल्या आल्या मी म्हणाले, "काका, सगळी माणसं समान आहेत." ते म्हणाले, "असतील. उभी कशावर आहेत ते बघ." हे वाक्य मी पुढे तीन पत्रकांत वापरलं.

हेंद्रेपाड्यातली आमची गल्ली नदीकडे उतरते. मागे एका कंपनीने ड्रोन उडवून सगळ्या भागाच्या चढउताराचा नकाशा केला आणि त्यावर पूररेषा आखली. रेषेच्या आतल्यांना भोंगा, होडी, वेळेवर हलवण्याची सोय. आणि मोठ्या पुरात जिथे सिलिंडर तरंगतात ती आमची गल्ली रेषेबाहेर, हिरव्या रंगात सुखरूप. मी लगेच पत्रक लिहायला बसले.

"आधी मोजू," काका म्हणाले.

"अन्याय उघड दिसतोय, काका."

"दिसतोय ना, मग मोजायला काय जातंय? धर पट्टी, पुढारीणबाई."

मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीची उंची काकांच्या जुन्या वहीत होती. तिथून सुरुवात करून दोन दिवस त्यांनी मला उन्हात उभं केलं आणि प्रत्येक आकडा तीन-तीनदा वाचला. डांबरी रस्त्यावर ड्रोन आणि काका यांच्यात दोन बोटांचा फरक. गल्लीमागच्या बेशरमाच्या झुडपांत मात्र नकाशा एक मीटर दहा सेंटीमीटरने उंच निघाला. कागदावर आमच्या आणि नदीच्या मधे चक्क झुडपांचा बांध उभा होता.

"ड्रोनचा दोष नाही," काका म्हणाले. "वरून शेंडे दिसले, त्याने तीच जमीन धरली. वाकून बघायला माणूस कुणी पाठवला नाही."

मी पाचशे पत्रकं छापून आणली. पूररेषेवरच्या हरकतींच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना मावशी म्हणाली, "मारुतीच्या पायऱ्यांवर उल्हासनगरहून आणून गुळगुळीत लादी बसवलीय मेल्यांनी. पार घसरले मी."

काकांचा घास हातातच राहिला. "कोणत्या पायरीवर?"

"सगळ्यांवर. आणि पाय माझा मुरगळलाय, पायरीचा नाही."

लादी आणि खालचा माल मिळून चार सेंटीमीटर. वहीतली उंची जुन्या पायरीची, आणि मी पट्टी टेकवली होती नव्या लादीवर. म्हणजे आमचे सगळेच आकडे तेवढ्याने चुकले होते. मी म्हणाले, "चार सेंटीमीटरने गल्ली बुडायची थांबत नाही. गप्प बसू या."

"मग तुझ्यात आणि त्या नकाशात फरक काय?"

पाचशे पत्रकांवर मी पेनाने 'दहा' खोडून 'सहा' लिहिलं. "रस्त्यावर ड्रोन बरोबर होता, आपण चुकलो, हेही लिही," काकांनी फर्मावलं. पत्रकात समोरच्याची बाजू बरोबर आहे असं मी आयुष्यात प्रथमच लिहिलं, आणि तेही पाचशे वेळा.

सुनावणीत काकांनी सगळ्यांत आधी स्वतःची चूक सांगितली. माझे कान तापले. साहेबांनी चष्मा काढला. "चार सेंटीमीटर सांगायला आलात?"

"हो साहेब. ते आधी. एक मीटर सहा त्यानंतर."

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बेशरमात शिरले, चिखलाने पँट भरवून बाहेर आले, आणि महिन्याभरात रेषा सरकली. भोंगा आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याचा खांब किंचित कललाय, असं काकांचं म्हणणं आहे.

हल्ली त्यांना दुर्बिणीपाशी वाकता येत नाही. कुठे पातळी बघायची असली की डोळा मी लावते आणि ते शेजारी खुर्ची टाकून "किती?" विचारतात. मी आकडा सांगते, ते वहीत लिहितात. पुन्हा वाच, असं आता म्हणत नाहीत. म्हणावं, असं मला फार वाटतं. मग मीच आपली तीनदा वाचते.