माझ्या जेवणावरचा पहारेकरी

आमचा मामा शिंपी. कोट शिवावा तर त्यानंच, असं त्याची गिऱ्हाइकं म्हणतात आणि तोही ते मान डोलावत ऐकून घेतो. जीभ कात्रीपेक्षा तेज. "ढेरी लपवून देतो," तो तोंडावर सांगायचा, "पण बसताना बटण उडालं तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

शाळेच्या शेवटच्या वर्षी मी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे ताटावर बसायची, पण जेवायची नाही. पाळी बंद झाली तेव्हा आई मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा खाण्याचा आजार आहे. जेवताना कुणीतरी हिच्यासोबत बसत जा." आई दिवसभर कामावर, म्हणून दुपारचा पहारा मामाकडे आला. घरात सगळ्यात सडपातळ, शिस्तीचा माणूस तोच. पहाटे धावायचा, गोडाला हात लावायचा नाही. आजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं कौतुक सांगत सुटायची.

"ठमे, ताट साफ होईपर्यंत मी हलत नाही," असं म्हणून मामा आपलंही ताट घेऊन समोर ठाण मांडायचा. टेबलाखाली आमचा कुत्रा. त्याचा मला मोठाच आधार होता. मामा बडबडीच्या नादात असला, की मी पावाचा तुकडा खाली सरकवायची. कुत्र्यानं असं काही बाळसं धरलं, की तो नर आहे हे ठाऊक असूनही आजी त्याच्या पोटाकडे संशयानं बघू लागली.

एका दुपारी मी पाव खाली नेला, तर कुत्र्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या तोंडात आधीच उकडलेलं अंडं होतं. माझं अंडं तर ताटातच होतं. मी वाकले. मामाचा हात अजून खालीच होता, बोटांना पिवळा बलक लागलेला.

"मामा, तू पण?"

"मला काय धाड भरलीये? सकाळी भरपूर खाल्लंय."

"मी पण आईला हेच सांगते."

"अगं, ते बायकांचं दुखणं. मी नुसतं पोट सुटू देत नाही."

दुसऱ्या कुणाचे कपडे अंगावर लोंबले असते, तर घरात बोंब झाली असती. पण मामा पडला शिंपी. विजार सैल झाली, की स्वतःच मशीनवर बसून शिवण आत घ्यायचा. माझी पाळी चुकली म्हणून सगळं घर धावलं. त्याची कुठली पाळी चुकणार? मी वाळले तर आई रडली, तो वाळला तर सगळ्यांनी पाठ थोपटली. मला सगळ्यांचाच राग आला. जिना चढताना तो कठडा घट्ट धरतो, उन्हातही स्वेटर घालतो, हे आता कुठं माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरले.

"डॉक्टरीणबाईंकडे चल. नाहीतर मीही जेवत नाही."

"धमकी देतेस?"

"हो."

दवाखान्यात सगळ्या मुलीच, आणि त्यांच्या आया. भिंतीवरच्या चित्रांतही मुलीच. मामा खुर्चीच्या कडेवर टेकला होता. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. "मी बाहेर थांबतो ना," तो पुटपुटला. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी त्याला बोलावलं आणि मान वर न करता विचारलं, "मुलीचं नाव?"

माझं नाव सांगून तो सहज मोकळा झाला असता. मामानं गळ्यातली टेप काढून खिशात कोंबली.

"पेशंट मी आहे," तो म्हणाला. "ही माझ्यासोबत बसायला आलीय."