करंजाखालची रेंज

आमच्या गावाखाली, कृष्णेच्या काठाला करंज, उंबर, जांभळीचं जुनं रान आहे. दर पुरात बुडतं, म्हणून तिथं कुणी ऊस लावला नाही. मिस्टर फौजेत होते तेव्हा घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती यायची या रानात, उंच काठावरच्या एका करंजाखाली. रविवारी सकाळची धार काढून मी तिथं जाऊन उभी राहायचे.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलीस का?" मग, "समोर काय दिसतंय, सांग." मला वर्णनं करायची सवय नाही. पण इतक्या लांबून माणूस विचारतोय म्हटल्यावर सांगायचे. पाणी उतरलंय, काशाच्या गवताला तुरे आलेत, पुरानं वरच्या फांदीला उसाचं पाचट अडकवलंय. ते म्हणायचे, "आणि?" त्या 'आणि'साठी मी आठवडाभर डोळे उघडे ठेवून हिंडायचे.

गेल्या वर्षी ते रिटायर होऊन आले. घरातही आता रेंज आहे. बोलणं तेवढं गेलं. मोटर चालू केली का, चहापत्ती संपली, बस्स. भांडण नाही, तक्रार नाही. मला फक्त तो 'आणि' परत हवा होता.

परवा दिवाळीनंतर आम्ही दोघं त्या रानातून नदीवर निघालो. पुरात वर काढलेली मोटर पुन्हा बसवली होती, ती बघायला. वाळलेल्या गाळाच्या खपल्या पायाखाली मोडत होत्या. ते पुढं, मी मागं.

"आवं, काश बघा की कसला फुललाय."

"बघतोय की. डोळं हायत मला."

खरंच होतं. आता त्यांना सगळं दिसतं. मला कशाला विचारतील?

करंजापाशी मी थांबले. "तुमी व्हा म्होरं. मोटरीपाशी गेल्यावर फोन करा."

"कशापायी? हाक मारली तरी ऐकू येतंय."

"करा म्हटलं ना."

"येडी हाईस," म्हणत ते झाडांआड गेले. मी मुळावर बसले. फोन काही वाजेना. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं बंदही झाला. विसरले असणार. मी उठले, पदर झटकला.

तेवढ्यात वाजला.

"जेवलीस का?"

"न्हाई अजून."

फोनमधून नदीच्या पाण्याचा आवाज येत होता.

"हितनं ते झाड दिसत न्हाई," ते म्हणाले. "काय दिसतंय, सांग."

मी परत खाली बसले.