गाठीएवढी उंची

सांगलीत एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी पासपोर्टचे फोटो घ्यायला थांबलो होतो, तेव्हा एक म्हातारे धनगर आत आले. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. त्यांनी खिशातून एक गाठ मारलेला लोकरीचा काळा दोरा काढला.

"नातीसाठी कॅमेरा पायजे. माप आणलंया. ह्या गाठीपात्तर तिचं डोळं येत्यात."

कॅमेऱ्याला माप लागत नाही, असं सांगताना दुकानदार हसला. मीही हसलो, आता आठवलं की लाज वाटते.

"मोबाईलवर फोटू लय काढती वो, पर आमची मुंडकी येत न्हाईत. मुंडकी येणारा दावा."

दुकानदाराने दिलेला छोटा कॅमेरा घेऊन ते गुडघ्यांवर बसले. दोरा जमिनीपासून ताठ धरला, डोळे गाठीशी नेले आणि कॅमेऱ्यातून कितीतरी वेळ बघत राहिले. दारातून आलेलं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ, माझ्या शर्टाची खालची बटणं.

"आवं, हितनं माणसं लय उंच हायती," ते हळूच म्हणाले.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ह्योच द्या. आता फोटूच्या वक्ताला आमीच खाली बसू."