तुम्हीच म्हणले होते ना, सर

आमची आई बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं परागीकरण करायच्या, कामाला जायची आणि वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे. हसनाबादच्या आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. नर्सिंग झालो तेव्हा गावातली पोरं म्हणायची, "सिस्टरचं काम शिकून आला का रे?" पुढे नोकरी सोडून दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला लागलो, तेव्हा तर वडीलही गोंधळले.

"मंग आता डॉक्टर होशील का?"

"न्हाई, दादा."

"मंग नर्सच राहशील?"

"तसंही न्हाई."

"मंग दोन वर्षं कशात घालून राह्यला?"

कोर्स नर्स प्रॅक्टिशनरचा होता. आयसीयूतल्या पेशंटला स्वतः तपासायचं, काय झालं असावं ते स्वतःच्या नावानं लिहायचं आणि नेमून दिलेल्या हद्दीत उपचार सुरू करायचे. एवढं मला पाठ होतं. पण म्हणजे आपण नेमके कोण, हे वडिलांना सांगता आलं नाही, कारण ते मलाही बराबर कळलं नव्हतं. आणि आमच्याच वर्गातल्या कुसुमताईंनी मला आणखी गोंधळात टाकलं.

कुसुमताई केदारखेड्याच्या. वय चव्वेचाळीस, वॉर्डातली नोकरी वीस वर्षांची. वर्गात आम्ही सगळे त्यांच्या पोरांच्या वयाचे. पहिल्याच आठवड्यात त्या किडनीच्या एका पेशंटजवळ उभ्या होत्या. मॉनिटरकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात डॉक्टर आत आले. ताई एकदम नरम आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणले होते ना, ह्यांचं पोटॅशियम बघू म्हणून? रक्त पाठवून दिलंय."

डॉक्टर क्षणभर थबकले. "हां, हां. बरोबर. रिपोर्ट आला की सांगा." पोटॅशियम भलतंच वाढलेलं निघालं, हृदय बंद पडेल इतकं. इंजेक्शन वेळेवर गेलं आणि माणूस वाचला.

मी बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सर कधी म्हणले होते?"

"कधीच न्हाई. पण आता म्हणले ना?"

हीच त्यांची रीत. निदान त्यांचं, पण ते डॉक्टरांच्या तोंडात ठेवून द्यायचं. डॉक्टरांना ते आपलंच वाटायचं आणि काम जल्दी व्हायचं. मला राग यायचा. शिकून कॉलेजातून बाहेर पडलेला माणूस मी, आपलं कष्टाचं दुसऱ्याच्या नावावर का लावायचं? ताई हसायच्या. "पेशंट विचारतो का, कोणी ओळखलं म्हणून? त्याला बरं व्हायचंय फक्त."

पण कोर्समध्ये ही रीत चालणार नव्हती. केसपेपरवर 'माझं मत' असा रकाना होता. ताई तो कोरा ठेवायच्या. आमच्या मॅडमनी तीनदा कागद परत केला.

"कुसुमताई, तुमचं मत काय?"

"मॅडम, मह्या मताला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "डॉक्टरांना कळवीन" एवढंच उत्तर दिलं आणि त्या नापास झाल्या. आता एकच संधी उरली होती. ती गेली तर कोर्सही गेला. मीच मागे लागलो. "ताई, वॉर्डातच सवय करा. उघड बोला."

त्यांनी ऐकलं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण दाखल होता. ताई नव्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, माझं मत आहे, ह्याच्या पोटात रक्त साचून राह्यलंय. नाडी वाढून राह्यली, पोट ताणलंय."

"बीपी चांगलं आहे. सोनोग्राफीत काही नव्हतं."

"मंग परत करा सोनोग्राफी."

"सिस्टर, कोर्स करताय म्हणून आता मला शिकवणार का?"

वादात अर्धा तास गेला. मग बीपी घसरलं आणि धावपळ करत पोराला ऑपरेशनला नेलं. तो वाचला, पण रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लागल्या. ताई हात धुता धुता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाह्यलं का भाऊ? 'तुम्हीच म्हणले होते' म्हणले असते तर पाच मिनिटांत झालं असतं. तुझ्या मताच्या नादी लागले मी."

त्यांना पेशंटसाठी गप्प राहा म्हणावं, की परीक्षेसाठी बोला म्हणावं? दोन्ही खरं वाटत होतं. परीक्षेपर्यंत मी तो विषयच काढला नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी ताईंच्या वाट्याला धाप लागलेली एक बाई आली. मी शेजारच्या खाटेजवळ ड्यूटीवर होतो. ताईंनी तिला नीट तपासलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "दमा आहे, नाही का?"

ताईंचा तो ओळखीचा नरम आवाज आला, "सर, तुम्हीच मघाशी म्हणले—" आणि त्या अडखळल्या.

"न्हाई," ताई म्हणाल्या. "तुम्ही असं काही म्हणले न्हाई. मी म्हणते. हा दमा न्हाई, हिचं हृदय कमी पडून राह्यलंय. पायावरची सूज बघा, मानेची शीर बघा. आडवं झालं की हिला श्वास पुरत न्हाई."

"आणि मी दमाच म्हणालो तर?"

"तर तुमचं चुकलं, सर."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, आता वॉर्डातही असंच बोलायचं."

"ते पेशंट बघून ठरवीन," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर बघून."

हे बरोबर की चूक, माझं अजून ठरत नाही. आता मी स्वतः आयसीयूत काम करतो. काही वेळा छाती ठोकून माझं मत सांगतो, आणि काही वेळा, कबूल करतो, "सर, तुम्हीच म्हणले होते ना" असंही तोंडातून निघून जातं. ताई पुढे दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. त्यांनी शेवटी काय ठरवलं, हे जाताना त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

त्या दुसऱ्या खेपेला पास झाल्या, मी पहिल्या. त्यांच्या घरात आणि आमच्या घरात एम.एस्सी. झालेलं आमच्याआधी कुणीच नव्हतं.