चार बोटं पातं

आमच्या आत्यानं जन्मात कुणाच्या हातात चाकू दिला नाही. ती तो ठेवायची. मागणारा समोर हात पसरून उभा असला तरी ती कमरेच्या चंचीतून चाकू काढणार, नीट मिटलेला आहे ना ते बघणार, आणि जमिनीवर, बाकावर, नाहीतर एसटीच्या सीटवर दोघांच्या मधोमध ठेवून म्हणणार, "उचल." चाकू हातोहात दिला की दोघांत भांडण लागतं, असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात आणि घाईत विसरतात. आत्या कधी विसरली नाही. आता तिचं जन्मात कुणाशी भांडणच झालं नाही, असं मात्र मुळीच नाही. सांडपाण्यावरून शेजारणीशी तिची जुंपली की लोक चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसत. पण ती भांडणं चाकूपायी नव्हती, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, घाटनांदूरला दिलेली. गावात तिला सगळे 'चाकूआत्या' म्हणत. तिचे यजमान, आमचे मामा, हे अतिशय अबोल गृहस्थ. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत आणि पुढे काळ बदलला तरी त्यांची ती सवय सुटली नाही. "त्यास्नी म्हनावं चहा झालाय," असं आत्या मला सांगायची, आणि मामा दोन हातांवर बसलेले असायचे. सुट्टीत मी तिथे गेले की दिवसभर हीच टपालखात्याची नोकरी करायची.

घरात विळी, सुरी, कोयता असताना हिला वेगळा घडीचा चाकू हवाच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "विळी सासूची, चूल सासूची, भाकरबी सासूच्या हातची. चाकू तेवढा माझा." नवी नवरी असताना साधं लिंबू चिरायचं तरी सासूकडे विळी मागावी लागे आणि विळीबरोबर दोन शब्द ऐकून घ्यावे लागत. मग खुरपणीचे पहिले पैसे हातात आले तेव्हा ती धर्मापुरीला देवदर्शनाला गेली, आणि देवळाबाहेरच्या दुकानातून तिनं बांगड्या नाहीत, पोत नाही, लाकडी मुठीचा चाकू घेतला. तेव्हापासून तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. तिच्याकडे मात्र अख्खं गाव मागायचं. खताच्या पोत्याची सुतळी, ठिबकची नळी, पोरांच्या पेन्सिली, दावं गळ्याला गुंडाळून बसलेली शेळी, आणि अलीकडे तर घरोघरी येणारी ती चिकटपट्टीनं लपेटलेली पार्सलं, सगळ्यांची सुटका तिच्याच चाकूनं व्हायची. शेतात कांदा बुक्कीनं फोडून खायचा हा आमच्याकडचा रिवाज. आत्याला तो नामंजूर होता. "कांद्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" असं म्हणून ती त्याच्या गोल चकत्या करायची.

एकदा अंबाजोगाईला कुठल्याशा पुढाऱ्याची सभा होती. गावातून गाड्या भरून माणसं निघाली, त्यांत आत्या आणि मी. फाटकाशी महिला पोलिसांनी चंची तपासली.

"मावशी, चाकू आत नेता येणार नाही."

"कावून?"

"साहेबांच्या जिवाला धोका असतो."

"मला त्यांचं काय कापायचंय, माय? माझ्यापाशी काकड्या हायेत."

पण नियम तो नियम. चाकू टेबलावर ठेवावा लागला. आत्याही मग तिथेच टेबलाशेजारी फतकल मारून बसली. भाषण हितूनबी ऐकू येतंय, म्हणाली. सभा संपेपर्यंत दोन्ही पोलीस बायांनी मीठ लावून काकड्या खाल्ल्या होत्या, आणि एकीनं आपल्या सासूची सगळी कहाणी आत्याला सांगून टाकली होती. साहेब काय बोलले ते त्या तिघींनाही माहीत नाही. चौथीला, म्हणजे मला, आठवत नाही.

चाकू निवडावा तर आत्यानं. एकेक चाकू चार-पाच वर्षं चालायचा, मग कुठेतरी हरवायचा, आणि आठवडी बाजारात नव्याची निवड व्हायची. बाबूभाई नावाचे गृहस्थ ताडपत्रीवर चाकू, कात्र्या, विळ्या मांडून बसत. आत्या येताना दिसली की ते डुगडुगते चाकू आपणहून मागे सारत. ती आधी पातं उघडून टोकाला धरून हलवायची. "डुलणाऱ्या चाकूचा आन् डुलणाऱ्या मानसाचा भरवसा न्हाई." मग मिटताना पातं मुठीच्या मधोमध बसतंय की एका बाजूला घासतंय, ते उन्हाला धरून बघायची. मग लांबी. पात्यावर आपली चार बोटं आडवी ठेवायची. "चार बोटं पातं बास. त्याच्याहून मोठा घेतला की लोक भितेत, आन् ल्हान घेतला की कलिंगड हासतंय." चमचा, बाटलीचं झाकण काढायचा आकडा, कानस असा सगळा संसार एकाच मुठीत असलेला चाकू बाबूभाईंनी एकदा कौतुकानं पुढे केला. तो तिनं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यात चाकू कुठंय?"

लोखंडी घ्यावा की स्टीलचा, यावर तिचं मत पक्कं होतं, पण ते दर निवडीला बदलायचं. लोखंडाचं पातं कैरीनं काळं पडतं, पण दगडावर चार हात मारले की धार घेतं. स्टीलचं पातं गोरं राहतं, पण एकदा रुसलं की लवकर मनधरणी होत नाही. "सुनाबी अशाच असतेत," असं ती सुनेच्या देखत म्हणायची, आणि सून म्हणायची, "मी लोखंडी का स्टीलची ते सांगा आधी." यावर आत्या चंची आवळून शेताकडे निघून जायची.

सगळं पसंत पडलं की शेवटी किंमत. तिथे तिचा एकच नियम होता आणि तो मी आजवर छत्रीपासून मोबाइलपर्यंत सगळ्याला लावत आले आहे. "रोजच्या वापराचा जिन्नस असा घ्यावा, की हरवला तर वाईट वाटावं, पन रडू येऊ ने." अगदीच फुटकळ घेतला तर माणूस तो जपत नाही. फार भारी घेतला तर पेटीत ठेवतो आणि लिंबू पुन्हा दुसऱ्याच्या विळीवर चिरतो. हरवल्यावर संध्याकाळपर्यंत हळहळ वाटेल आणि रात्रीचं जेवण मात्र नीट जाईल, एवढ्याच किमतीचा चाकू खरा.

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला. बोलणंही सावरलं, सून म्हणते जरा जास्तच सावरलं. डाव्या हाताच्या बोटांत मात्र जोर आला नाही. एके दिवशी पेरू कापताना पातं अडवून धरायचा खटका नसलेला तो चाकू अवचित मिटला आणि बोटाला चांगलाच लागला. माझा आत्येभाऊ प्रकाश, स्वभावानं मऊ, पण त्या दिवशी घाबरला. त्यानं चाकू उचलून कपाटावर ठेवून दिला आणि सांगितलं, "आई, काय पायजे ते आमाला सांग. आमी कापून देतो."

त्यानंतर आठवडाभरानं मला लातूरला फोन आला. पलीकडे मामा होते. मामांनी मला उभ्या जन्मात फोन केलेला नव्हता. मी घाबरून विचारलं, "काय झालं, मामा?" मग ते म्हणाले, "मीने, तुझी आत्या पेरू खाईना."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. आत्या बाजेवर बसली होती. सुनेनं बिचारीनं पेरूच्या फोडी करून, तिखटमीठ लावून बशी पुढ्यात ठेवली होती, आणि आत्या म्हणत होती, भूक न्हाई. चंची कमरेला होती, पण सैल लोंबत होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. सगळ्या गावाच्या सुतळ्या कापणाऱ्या बाईला एका पेरूसाठी तोंड उघडावं लागणार होतं, आणि ती ते उघडणार नव्हती. अशानं ती खाणंपिणंच सोडून देईल की काय, याची मला खरोखर धास्ती वाटली.

येताना मी शहाणपणा करून मोबाइलवरून मागवलेला एक भारी चाकू नेला होता. बटण दाबलं की एका हातानं उघडणारा, काळाकुट्ट, जड. आत्यानं तो चंचीत घालून पाहिला तर चंचीच खाली ओघळली. "केवढ्याचा?" मी निम्मी किंमत सांगितली. "निम्मीबी लई झाली," असं म्हणून तिनं तो बाजेवर ठेवला. "उचल. आन् मला बाजारात घिऊन चल."

प्रकाश म्हणाला, "खटक्याचा असंल तरच घ्यायचा. न्हाईतर मी पुन्हा कपाटावर ठिवीन." हे एवढं मात्र तिनं मान्य केलं. आम्ही रिक्षानं बाजारात गेलो. बाबूभाईंनी तिचा हात बघितला, पण काही न बोलता स्टूल पुढे केलं. मग निवड सुरू झाली. एकामागून एक चाकू ती मांडीवर घेई, मूठ डाव्या तळव्याखाली दाबून धरी आणि उजव्या हातानं पातं काढू बघे. नखाच्या खाचेत नख टिकत नव्हतं. निसटायचं. पाचसहा वेळा निसटलं. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की मी तो मागे घेऊन पदर सारखा केला. अखेर एक लाकडी मुठीचा चाकू निघाला. त्याच्या मुठीला मधे अर्धगोल खाच होती, आणि तिथे मिटलेलं पातं चिमटीत धरता येत होतं. आत्यानं धरलं, ओढलं. पातं उघडलं आणि खटका बसला. तिनं टोक हलवून पाहिलं. चार बोटं आडवी ठेवून पाहिली.

बाबूभाई हळूच म्हणाले, "आत्या, उघडतो तर हाय. पन खटका दाबून मिटायला दोन हात लागतेत. ते तुमाला एकटीला जमायचं न्हाई."

बाबूभाईंनी तो मिटून पुन्हा तिच्यापुढे ठेवला. ज्या बाईनं कधी मागितलं नाही ती आता रोज कुणाला तरी 'मिटून दे' म्हणणार होती, नाहीतर चाकूच सोडणार होती. तिनं तो पुन्हा एकदा उघडून बघितला.

"उघडायला कुनाची गरज नको," ती म्हणाली. "मिटायला कुनीबी चालतंय."

घरी आल्या आल्या तिनं पेरू मागवला नाही, स्वतः उठून घेतला. कापला. अर्धा खाल्ला. उघडा चाकू बाजेवर पडलेला, आणि मी, प्रकाश, सून असे तिघं टपून उभे. आत्यानं आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. ती दाराशी बसलेल्या मामांकडे बघून म्हणाली, "आवं, तेवढं मिटा की."

मामांनी आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग उठले. खटका उलट्या बाजूनं दाबला, मग बरोबर दाबला, आणि पातं मिटलं. मिटलेला चाकू त्यांनी आत्यापुढे केला तशी तिनं हात मागे घेतला. "हातात नका दिऊ. ठिवा खाली." त्यांनी ठेवला. तिनं उचलला आणि उरलेला पेरू त्यांच्याकडे सरकवला. माझी टपालखात्यातली नोकरी त्या दिवशी संपली.

पुढे दीडेक वर्ष हेच चाललं. दिवसातून चारदा, कधी सहादा, "आवं, मिटा की." मामांनी पारावर जाणंच सोडलं. मंडळींनी विचारलं तर म्हणायचे, घरी काम हाय. मिटता मिटता दोघं बोलायलाही लागली. पेरू कसला निघाला, पाऊस कुठवर आला, प्रकाशचा पोरगा कुणावर गेलाय. सून मला फोनवर सांगायची, "आता दोघंबी गप बसत न्हाईत हो," आणि हसायची. मी कधी गेले तर मला वाटायचं, आत्याला त्या चाकूत आधीच्या सगळ्या चाकूंपेक्षा जास्त बरकत मिळाली.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दुपारी पेरू खाऊन लवंडली ती उठलीच नाही. सगळी धावपळ, माणसं, रडारड. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मी निघण्याआधी तिची बाज आवरत होते, तर उशाच्या कोनाड्यात तो चाकू होता. उघडाच. पात्यावर पेरूची एक बी वाळून चिकटलेली. तो मिटायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत मामा उठले. त्यांनी उपरण्यानं पातं पुसलं, खटका दाबला, आणि मिटलेला चाकू बाजेच्या काठावर ठेवला. ठेवून सवयीनं जरा मागे सरकले आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उचल, मीने."

मी उचलला. आता तो माझ्या पर्समध्ये असतो. ऑफिसात कुणाला पार्सल फोडायचं असलं की मी तो टेबलावर ठेवते आणि उचला म्हणते, लोक हसतात. रोज रात्री मात्र पर्स उघडून तो आहे ना, ते मी चाचपून बघते. हरवला तर मला रडू येईल. म्हणजे आत्याच्या नियमानं हा चाकू आता बाळगण्याजोगा राहिला नाही, आणि तिला हे कळलं असतं तर ती मला दुसरा घ्यायला बाजारात घेऊन गेली असती.